बॉल पायथन पाळायचा विचार आहे? आधी कागद, मग पेटी, पिल्लं सगळ्यात शेवटी

पनवेल (प्रतिनिधी) : पाऊस लागला, भातलावणी सुरू झाली की पनवेल तालुक्यात साप दिसायला लागतात. बांधावर, पडवीत, कोंबड्यांच्या खुराड्यात, रचून ठेवलेल्या लाकडांत. सर्पमित्रांचे फोन दिवसरात्र वाजतात. त्याच दिवसांत मोबाईलवर मात्र वेगळेच साप फिरत असतात. पिवळा-पांढरा, गुबगुबीत, एखाद्या पोराच्या मनगटाला शांतपणे गुंडाळून बसलेला साप आणि खाली मजकूर : बॉल पायथन, बिनविषारी, पाळायला सोपा, पिल्लं विकून कमाई.

हे बघून गावोगावची तरुण पोरं दोन प्रश्न विचारतात. हा साप आपल्याला पाळता येईल का? आणि शेतात सापडणारं अजगराचं पिल्लू म्हणजे तोच का?

उत्तरं आधीच सांगून टाकू. शेतातला अजगर पाळता येत नाही, तो गंभीर गुन्हा आहे. बॉल पायथन हा वेगळा, परदेशी साप आहे. तो पाळता येतो, पण सरकारी नोंदणी असेल तरच. आणि ज्या सापाचे कागद नाहीत त्याची पिल्लंही बिनकागदाचीच राहतात. म्हणून कमाईचं गणित मांडण्याआधी पुढची माहिती नीट वाचावी.

बॉल पायथन कोणता आणि आपला अजगर कोणता

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो जगभर गेला. शास्त्रीय नाव पायथन रेजिअस. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून त्याला बॉल पायथन म्हणतात. नर साधारण तीन फुटांचा, मादी चार ते पाच फुटांपर्यंत. वजन दीड-दोन किलोच्या आसपास. बेनिनमधल्या विदा या गावात या सापाचं देऊळच आहे. तिथली माणसं त्याला मारत नाहीत, घरात आला तर उचलून देवळात नेऊन सोडतात. आपल्याकडे नागोबाला मान तसा तिथे याला.

आपल्याकडचा अजगर म्हणजे भारतीय अजगर. कोकणात काही ठिकाणी त्याला आर म्हणतात. तो दहा फुटांच्या पुढे सहज जातो. कर्नाळ्याचं जंगल, डोंगराच्या कडेची गावं, खाजणं, ओढे या सगळ्या पट्ट्यात त्याचा वावर आहे. शेतातल्या घुशी-उंदरांवर जगतो. कधी कोंबडी किंवा शेळीचं करडूही उचलतो, त्यामुळे शेतकऱ्याला राग येतो. पण उंदीर खाणारा हा फुकटचा राखणदार आहे हेही तितकंच खरं.

दोघेही बिनविषारी, दोघेही भक्ष्याला विळखा घालून मारतात. साम्य इथेच संपतं.

जीवावर बेतणारी चूक : घोणस

व्हिडीओत साप हातात घेतलेला बघून शेतातला ठिपकेवाला साप उचलणं हा सगळ्यात मोठा धोका. कारण अजगराचं पिल्लू आणि घोणस यांच्यात घाईत बघणाऱ्याची गल्लत होते. घोणस हा भारतातल्या चार प्रमुख विषारी सापांपैकी एक. बाकीचे तीन नाग, मण्यार आणि फुरसे.

ओळखीच्या ढोबळ खुणा अशा :

- घोणस : अंगावर साखळीसारख्या तीन रांगा, प्रत्येक ठिपका गोल किंवा बदामी आणि काळ्या कडेचा. खवले खरखरीत. शरीर जाड, शेपटी आखूड. डिवचला की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा, लांब फुत्कार टाकतो.
- अजगराचं पिल्लू : पट्टे वेडेवाकडे, नकाशातल्या प्रदेशांसारखे, एकाला एक न जुळणारे. अंग गुळगुळीत, चकाकणारं. डोक्यावर बाणासारखी खूण.
- डुरक्या घोणस : नावात घोणस असली तरी बिनविषारी. शेपटी आखूड आणि खरखरीत, अंगावर नागमोडी तपकिरी डाग.

या खुणा लांबून बघण्यासाठी आहेत, हातात घेऊन तपासण्यासाठी नाहीत. जरा जरी शंका असेल तर साप घोणसच आहे असं धरून चालावं, लांब राहावं आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाईनवर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करावा.

दंश झालाच तर दोरी आवळून बांधू नये, ब्लेड मारू नये, तोंडाने विष ओढू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. माणसाला शांत ठेवावं, चावलेला हातपाय हलू देऊ नये, अंगठी-कडं काढावं आणि १०८ ला फोन करून सरळ दवाखाना गाठावा. सर्पदंशावरची लस असलेल्या उपजिल्हा रुग्णालयात लवकर पोचणं हाच उपाय.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आपल्या विषयापुरतं त्यातलं महत्त्वाचं असं :

भारतीय अजगर अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रांगेत. तो पकडणं, घरात ठेवणं, विकणं, मारणं हा गुन्हा. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. 'पिल्लू सापडलं, दोन दिवस बरणीत ठेवलं' हेसुद्धा ताब्यात ठेवणंच. आपल्याकडचे नाग, धामण, मांडूळ वगैरे इतर सापही संरक्षित आहेत. त्यांतला कोणताही पाळता येत नाही.

बॉल पायथन अनुसूची ४ मध्ये येतो. परदेशी प्राण्यांच्या व्यापारावर साईटस् नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या दुसऱ्या यादीत हा साप आहे आणि त्या यादीतले प्राणी आपल्या कायद्यात अनुसूची ४ मध्ये घेतले आहेत. अशा जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम केंद्र सरकारने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी काढले. ज्यांच्याकडे आधीपासून असे प्राणी होते त्यांना सहा महिन्यांची मुदत होती. ती संपली. आता नवीन प्राणी ताब्यात आला तर ३० दिवसांच्या आत कळवावं लागतं. अर्ज 'परिवेश' पोर्टलवर ऑनलाईन, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो.

नोंद एकदा करून भागत नाही. साप दुसऱ्याला दिला तर कळवायचं, पिल्लं झाली तर कळवायचं, मेला तरी कळवायचं. कायद्यात स्पष्ट आहे की या पद्धतीशिवाय असा प्राणी ठेवता येत नाही, हस्तांतर करता येत नाही आणि त्याची पैदासही करता येत नाही.

विकणारे दोन वाक्यं हमखास ऐकवतात. पहिलं, 'हा भारतातच जन्मलेला आहे, कागद लागत नाही.' चूक. भारतात जन्मलेल्या पिल्लाचीही नोंद लागते. दुसरं, 'परदेशी सापाला आपला कायदा लागू नाही.' २०२२ च्या दुरुस्तीआधी यात थोडं तथ्य होतं, आता नाही.

परदेशातून बॅगेत साप आणणं तर सरळ तस्करी. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किट आणि केकच्या पाकिटांत लपवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर विभागाने पकडले होते. मोबाईलवर स्वस्तात दिसणारे साप अशाही वाटेने आलेले असू शकतात. अशा वाटेने आलेला साप उपाशी, आजारी, गोचिडांनी भरलेला असतो, आणि घेणाराही गुन्ह्यात अडकतो.

घेण्याआधी विक्रेत्याकडे या गोष्टी मागाव्यात :

- त्याच्या नावावरचं नोंदणी प्रमाणपत्र आणि या सापाची नोंद
- हस्तांतराचा कागद
- आईबापाची नोंद आणि जन्मतारीख
- साप काय खातो, शेवटचं कधी खाल्लं. जमल्यास समोर खाताना दाखवणं

यातलं एकही मिळत नसेल तर व्यवहार सोडून द्यावा. अर्जाबद्दल शंका असेल तर पैसे देण्याआधी पनवेलच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारावं. पैसे गेल्यावर विचारून उपयोग नाही.

किती वर्षांची जबाबदारी

बॉल पायथन नीट सांभाळला तर २० ते ३० वर्षं जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणीसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० मध्ये सात अंडी घातली तेव्हा तिचं वय ६२ च्या आसपास होतं आणि कित्येक वर्षं तिच्याजवळ नर नव्हता. म्हणजे बारावीतल्या पोराने आज साप घेतला तर त्याचं लग्न होईल, पोरं शाळेत जातील तरी साप घरात असणार. नोकरीसाठी पुण्याला गेलात तर आई त्याला उंदीर घालणार आहे का, हा प्रश्न आजच घरात विचारावा.

घर भाड्याचं असेल तर मालकाला, वाडीत असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगावं. पेटीतून निसटलेला साप शेजारच्या पडवीत दिसला तर तिथे कुणी बिनविषारी की विषारी विचारत बसत नाही. काठी आधी येते.

पेटी

मोठ्या सापाला चार फूट लांब, दोन फूट रुंद पेटी लागते. पिल्लाला लहान पेटी बरी, मोठ्या मोकळ्या जागेत ते घाबरून खाणं सोडतं. झाकणाला कडी-कुलूप पाहिजेच. साप डोकं मावेल त्या फटीतून निघतो.

पेटीत दोन लपायच्या जागा हव्यात, एक उबेच्या बाजूला, एक थंड बाजूला. हा साप आफ्रिकेत दिवसा उंदरांच्या आणि वारुळांच्या बिळांत पडून असतो. लपायला जागा नसेल तर तो सतत दडपणाखाली राहतो. उलटं घातलेलं मातीचं मडकं, त्याला सापापुरतं भोक, एवढ्यावर काम भागतं. भोकाच्या कडा घासून घ्याव्यात. पाण्याचं पसरट, जड भांडं ठेवावं.

खाली अंथरायला नारळाचा भुसा उत्तम आणि कोकणात तो मिळतोही. नवीन माणसाने सुरुवातीला साधा वर्तमानपत्राचा कागद वापरला तरी चालतं. घाण लगेच दिसते, लगेच बदलता येते. भाताचा तूस वापरू नये, त्याची धूळ नाकात जाते. देवदार-पाईनचा वासाचा भुसाही नको.

ऊब आणि ओलावा : पनवेलच्या हवेत काय करायचं

सापाचं अंग स्वतःहून तापत नाही. ऊब मिळाली तरच खाल्लेलं पचतं. म्हणून पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश आणि दुसरी २५ ते २७ अंश ठेवायची. साप गरजेप्रमाणे इकडून तिकडे जातो. रात्री २४ च्या खाली जाऊ देऊ नये. त्यासाठी हीट मॅट किंवा सिरॅमिक हीटर मिळतो, पण थर्मोस्टॅटशिवाय तो लावायचा नाही. थर्मोस्टॅट नसलेली मॅट सापाचं पोट भाजते आणि साप तिथून उठतही नाही. बाहेरचा साधा बल्ब पेटीच्या आत लावणं तर नकोच, साप त्याला विळखा घालतो. विजेचा खर्च फार नाही. ४० वॉटचा हीटर दिवसाचे १२ तास चालला तर अर्धा युनिट.

हवेतला ओलावा ५५ ते ७० टक्के हवा. आकडे अंदाजाने नाही, थर्मामीटर आणि ओलावा मोजणारं मीटर लावून बघायचे. आता आपल्या तीन ऋतूंचं :

पावसाळा : इथे ओलावा वाढवायचा नसतो, आवरायचा असतो. पेटी बंदिस्त आणि भुसा ओला राहिला की सापाच्या पोटाखालचे खवले तपकिरी-लाल होऊन कुजतात. हवा खेळायला जाळीची भोकं ठेवावीत, अंथरूण दर दोन दिवसांनी तपासावं, पेटी ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवावी.

हिवाळा : डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा खाली येतो आणि हवा कोरडी होते. हीटर लागतोच. लपायच्या मडक्यात ओलं शेवाळ किंवा ओला भुसा ठेवला तर कात नीट निघते.

उन्हाळा : पत्र्याच्या घरात दुपारी पेटीचं तापमान ४० च्या पुढे जाऊ शकतं आणि साप तासाभरात मरू शकतो. हीटर बंद, पेटी घरातल्या सगळ्यात गार खोलीत, उन्हाची तिरीप अजिबात नको.

विजेचाही विचार हवा. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ रायगडकर विसरलेले नाहीत. कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवणं हा उपाय आहे, पण माणूस घरी पाहिजे.

खाणं

हा साप फक्त मांस खातो. अंडं, दूध, भात काही नाही. साप दूध पितो हा समज चुकीचा आहे. पाणी मात्र रोज ताजं हवं.

पिल्लाला आठवड्यातून एकदा, वर्षभराच्या सापाला दहा-पंधरा दिवसांनी, मोठ्याला तीन-चार आठवड्यांनी एक उंदीर. उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वात जाड भागाएवढा, त्याहून मोठा नाही. जास्त खाऊ घालून साप लवकर वाढवायचा हा मोह टाळावा. लठ्ठ सापाचं लिव्हर बिघडतं.

शेतकऱ्याच्या घरात पहिला विचार येतो की उंदीर तर शेतात फुकट आहेत. हीच चूक करू नये. भातशेतीत झिंक फॉस्फाईड, ब्रोमाडिओलोनची आमिषं सर्रास ठेवतात. विष खाल्लेला उंदीर सापाच्या पोटात गेला तर साप संपला. शिवाय रानउंदरांच्या अंगावर गोचिडी, पोटात जंत असतात. पैदास केलेले पांढरे उंदीरच वापरावेत.

जिवंत उंदीर सोडून निघून जाणं धोक्याचं आहे. साप भुकेला नसला तर उंदीर त्यालाच कुरतडतो. आधी मारून गोठवलेला उंदीर चांगला. तो फ्रीजमध्ये हळूहळू वितळवून, कोमट पाण्यात ऊब आणून, लांब चिमट्याने द्यावा. उकळायचा नाही. घरातल्या खाण्याच्या फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर वेगळा डबा हवा, आणि घरच्या बाईमाणसाची परवानगी त्याआधी.

खाल्ल्यावर दोन दिवस सापाला हात लावू नये, नाहीतर तो उलटी करतो.

बॉल पायथन उपासासाठी प्रसिद्ध आहे. थंडीत, जोडीच्या काळात किंवा घर बदललं की महिना-दोन महिने खात नाही. तेव्हा घाबरून जबरदस्तीने भरवू नये. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहावं. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर डॉक्टर गाठावा.

हाताळणी, कात आणि आजार

नवीन साप आणल्यावर पहिला आठवडा त्याला हात लावू नये. नंतर दोन-तीन दिवसांनी एकदा, दहा-पंधरा मिनिटं पुरे. उचलताना अंगाला मध्यावर आणि मागे दोन्ही हातांचा आधार. हाताला उंदराचा वास नको, नाहीतर बोटच भक्ष्य वाटतं. डोळे दुधाळ-निळसर झाले म्हणजे कात टाकायची वेळ आली, तेव्हा एकटं सोडावं. कात अखंड निघाली पाहिजे. तुकडे झाले किंवा डोळ्यावर पापुद्रा राहिला तर ओलावा कमी पडतोय असं समजावं. पापुद्रा नखाने ओढू नये.

हाताळल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, आजारी म्हातारी माणसं यांनी लांब राहावं. पेटी आणि भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नयेत.

ही लक्षणं दिसली तर थांबू नये :

- तोंड उघडं ठेवून श्वास, नाकातून बुडबुडे, श्वासाचा घरघर आवाज
- हिरड्या लाल, तोंडात पूसारखा पांढरा थर
- पाण्याच्या भांड्यात काळे बारीक ठिपके, साप सतत पाण्यात बसून (गोचिडी)
- पोटाखाली फोड किंवा लाल डाग

साप तपासणारा पशुवैद्यक प्रत्येक तालुक्यात नसतो. गाई-म्हशींच्या डॉक्टरांना सापाच्या औषधाचं प्रमाण माहीत असेलच असं नाही. म्हणून साप घेण्याआधी असा डॉक्टर शोधून ठेवावा. गोचिडीसाठी गुरांचं औषध अंदाजाने लावू नये. पेटीजवळ मच्छर मारायचा स्प्रेही मारू नये.

जोडी, अंडी आणि पिल्लं

पैदाशीचा विचार किमान दोन-तीन वर्षं साप सांभाळल्यावरच करावा. नर साधारण दीड वर्षात तयार होतो. मादी तीन वर्षांची आणि किमान दीड किलोची पाहिजे. कमी वजनाच्या मादीला अंडी घालायला लावणं म्हणजे पोरसवदा कालवड भरवण्यासारखं. नर-मादी दिसून कळत नाहीत. ते जाणकाराकडूनच तपासून घ्यावं, आपण सळई घालून इजा करू नये.

एरवी दोघांना वेगळ्या पेट्यांत ठेवायचं. नोव्हेंबर ते मार्च या थंड महिन्यांत रात्रीची ऊब दोन-तीन अंशांनी कमी करून नराला मादीच्या पेटीत दोन-तीन दिवस सोडतात, पुन्हा काढतात. असं काही आठवडे चालतं. मादी फळली की खाणं कमी करते, थंड बाजूला पडून राहते, एक दिवस मधला भाग टम्म फुगलेला दिसतो. नंतर ती कात टाकते. त्या कातेपासून साधारण महिनाभरात अंडी येतात. एका वेळी तीन ते अकरा, बहुधा सहाच्या आसपास.

अंडी पांढरी, मऊ चामड्यासारखी आणि एकमेकांना चिकटलेली असतात. मादी त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसते. आपली भारतीय अजगराची मादी तर अंग थरथरवून अंड्यांना ऊब देते. जाणकार बॉल पायथनची अंडी बहुधा काढून उबवणी पेटीत ठेवतात. तापमान ३१ ते ३२ अंश, ओलावा ९० टक्क्यांच्या पुढे, पण अंड्यावर पाण्याचा थेंब नको.

कोंबड्यांची सवय असलेल्यांनी इथे जपावं. कोंबडीचं अंडं फिरवावं लागतं, सापाचं अजिबात फिरवायचं नाही. आतला गर्भ एका जागी चिकटलेला असतो, अंडं उलटं झालं तर तो गुदमरतो. म्हणून उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करतात. चिकटलेली अंडी ओढून सोडवत नाहीत.

५५ ते ६० दिवसांनी पिल्लं नाकावरच्या बारीक दाताने कवच कापतात. डोकं बाहेर काढून एक-दोन दिवस तसंच बसतात. ओढून बाहेर काढू नये. आठ-दहा दिवसांत पहिली कात पडते, मगच पहिलं खाणं. काही पिल्लं आठवडेच्या आठवडे खायला तयार होत नाहीत. प्रत्येक पिल्लाला वेगळा डबा, वेगळं पाणी, वेगळी नोंद. अंडी घातलेली मादी हडकते, तिला पुन्हा अंगावर यायला वर्ष जातं. दरवर्षी जोडी लावू नये.

आणि पिल्लं झाली की त्यांची माहिती पोर्टलवर देणं आलंच. आईबापांपैकी एकाचीही नोंद नसेल तर ही पिल्लं कायद्याने कुणाला देता येत नाहीत. सहा पिल्लं म्हणजे सहा नवीन गुन्हे होऊन बसतात.

रंगांचा बाजार आणि जोडधंद्याचं स्वप्न

मोबाईलवरच्या पिवळ्या, पांढऱ्या, ठिपकेदार बॉल पायथनांना मॉर्फ म्हणतात. हे पैदाशीतून जपलेले रंग. अल्बिनो हा रंग ज्या गुणामुळे येतो तो दडून राहणारा आहे. गुण पोटात असलेले दोन साधे दिसणारे साप जोडले तर चार पिल्लांमागे सरासरी एक अल्बिनो निघतो. सहा अंड्यांत एखादा निघेल, कदाचित एकही नाही. बाकीच्यांपैकी कोण गुण वाहतोय हे बघून कळत नाही. 'हा गुण वाहणारा आहे' म्हणून साधा साप महागात विकण्याची फसवणूक इथूनच होते. स्पायडर नावाचा मॉर्फ तर घेऊच नये. त्या रंगाबरोबर तोल सांभाळण्याचा दोष येतो, सापाचं डोकं डुलत राहतं, त्याला नेम धरता येत नाही.

हिशेब साधा आहे. शेळी दीड-दोन वर्षांत दोनदा विते, बाजार गावात, डॉक्टर गावात. बॉल पायथन तीन-चार वर्षांनी पहिली अंडी देतो, प्रत्येक पिल्लामागे नोंद, घेणाऱ्याचीही नोंद, आणि गिऱ्हाईक शहरात. कर्ज काढून करायचा हा धंदा नाही. हौस म्हणून, कायद्यात राहून करणाऱ्याचीच गोष्ट वेगळी.

कंटाळा आला म्हणून सोडायचा नाही

नको झालेला साप कर्नाळ्याच्या रानात किंवा गाढी नदीच्या काठाला सोडून देणं हा सगळ्यात वाईट शेवट. एकतर तो पावसाळ्यात मरतो, नाहीतर त्याचे आजार आपल्या अजगरांना लागतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत पाळणाऱ्यांनी सोडलेले आणि निसटलेले बर्मी अजगर एवढे वाढले की तिथले ससे-रॅकून दिसेनासे झाले. सरकारला आज माणसं लावून ते पकडावे लागतात. साप नकोसा झाला तर नोंदणी असलेल्या दुसऱ्या माणसाला कागदोपत्री द्यावा, नाहीतर वन विभागाशी बोलावं.

ज्याला फक्त साप जवळून बघायचे, समजून घ्यायचे आहेत त्याने पाळलेच पाहिजेत असं नाही. पुण्यात कात्रजला १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने सर्पोद्यान सुरू झालं. पनवेलहून सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. ओळखीच्या सर्पमित्राकडून साप ओळखायला शिकणं हेही शेतकऱ्याच्या रोजच्या उपयोगाचं.

थोडक्यात लक्षात ठेवा

- शेतातला कोणताही साप पाळता येत नाही. अजगर ताब्यात ठेवला तर तीन ते सात वर्षं कैद.
- अजगराचं पिल्लू समजून ठिपकेवाला साप उचलू नका, तो घोणस असू शकतो.
- बॉल पायथन नोंदणीशिवाय घेऊ नका, ताब्यात आल्यावर ३० दिवसांत कळवा.
- थर्मोस्टॅट, दोन लपायच्या जागा, कडी असलेली पेटी आणि डॉक्टर, हे सगळं साप येण्याआधी तयार हवं.
- शेतातला उंदीर खाऊ घालू नका.
- पैदास करण्याआधी नर-मादी दोघांचे कागद तपासा.
- साप दिसला तर वन विभाग हेल्पलाईन १९२६, दंश झाला तर १०८.